पारख खुकरीची
वाचकांचे प्रश्न : जंगलातल्या मुक्कामासाठी मोठं पातं

जंगलात मुक्कामाला जाताना खुकरी घ्यावी का, घेतली तर कशी तपासावी आणि घेतल्यानंतर ती टिकवावी कशी, याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. खुकरी मूळची नेपाळची. तिथले विश्वकर्मा लोहार पिढ्यान्‌पिढ्या ती घडवत आले आहेत. धरान आणि भोजपूर ही त्यासाठी नावाजलेली ठिकाणं. पण बाजारात ‘अस्सल’ म्हणून मिळणाऱ्या अनेक खुकऱ्या भिंतीवर टांगण्यापुरत्याच असतात. पुढची उत्तरं कामाच्या खुकरीबद्दल आहेत.

प्रश्न : पहिलीच खुकरी घेतोय. सरपण फोडणं, तंबूच्या खुंट्या करणं, वाटेतली झुडपं छाटणं एवढीच कामं आहेत. विक्रेता म्हणतो, पातं जितकं जाड तितकं चांगलं. तो १२ मिलिमीटर पाठीची खुकरी दाखवतोय. घ्यावी का?

घेऊ नका. पाठीची जाडी चटकन डोळ्यांत भरते आणि तीच सर्वांत जास्त फसवते. लाकडात आधी शिरते ती धार आणि धारेमागचा सेंटिमीटरभर भाग. पाठ नंतर येते. तो मधला भाग जाड असेल तर पातं कितीही जड असो, ते लाकूड ठेचत राहतं. दुकानात जाताना खिशात व्हर्निअर कॅलिपर ठेवा. पात्याचं पोट, म्हणजे पातं सर्वांत रुंद असतं ती जागा, तिथे धारेपासून १० मिलिमीटर आत जाडी मोजा. अडीच ते साडेतीन मिलिमीटर भरली तर तोडणं आणि फोडणं दोन्ही होईल. साडेचारच्या वर गेली तर ती खुकरी फक्त पाचरीसारखी चालेल. तासायला आणि झुडपं छाटायला तिचा उपयोग नाही.

पाठ मुठीपाशी ७ ते ९ मिलिमीटर पुरते. मात्र ती टोकाकडे निमुळती होत गेली पाहिजे. मुठीपासून टोकापर्यंत एकच जाडी दिसली तर ते पातं बहुधा ठोकून घडवलेलं नसून पट्टी कापून ग्राइंडरवर घासलेलं असतं. त्याचं टोक जड पडतं आणि मनगट लवकर भरून येतं.

लांबीचं म्हणाल तर पातं २५ सेंटिमीटरच्या, म्हणजे १० इंचांच्या आसपास असावं. म्यानाशिवाय वजन ४५० ते ६०० ग्रॅम. ७०० ग्रॅमच्या वरची खुकरी पहिल्या दहा घावांत फार छान वाटते, पण अर्ध्या तासाने हात थकला की घाव भरकटायला लागतो. सिरुपाते हा सडपातळ प्रकार झुडपांना उत्तम, सरपण फोडायला कमी पडतो. अंगखोला प्रकारात पाठीलगतचा भाग दोन्ही बाजूंनी खोलगट घडवलेला असतो. त्यामुळे वजन उतरतं आणि ताठपणा टिकतो. तुम्ही लिहिलेल्या कामांसाठी मध्यम आकाराचा अंगखोला बघा.

सिंहाच्या तोंडाची मूठ, पात्यावर क्रोमचा मुलामा, पितळी नक्षी असं काही दिसलं की ती वस्तू शोभेची समजा आणि पुढची बघा.

प्रश्न : मुठीत पातं किती आत गेलंय हे बाहेरून कसं ओळखायचं? आरपार रिबिट मारलेलीच घ्यावी, असं एक मित्र म्हणतो.

मुठीत जाणाऱ्या भागाला आपण पात्याचं शेपूट म्हणू. ते तीन तऱ्हांनी बसवलेलं असतं.

पहिली तऱ्हा ‘पानावाल’. शेपूट मुठीएवढंच रुंद, दोन्ही बाजूंना लाकडाच्या किंवा शिंगाच्या फळ्या आणि त्यांतून आरपार रिबिटं. मुठीच्या कडेने लोखंडाची सलग रेघ दिसते. दुसऱ्या तऱ्हेत शेपूट निमुळतं असतं, पण मुठीतून आरपार जाऊन बुडाशी एका चकतीवर ठोकून पसरवलेलं असतं. बुडाच्या टोपीवर त्या ठोकलेल्या टोकाचा ठिपका दिसतो. तिसऱ्या तऱ्हेत निमुळतं शेपूट मुठीत अर्धं-पाऊण जातं आणि फक्त लाखेच्या, राळेच्या चिकट मिश्रणावर धरलेलं असतं. बुडाशी काही नाही किंवा शोभेची टोपी.

मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पानावाल मजबूत खरी, पण तिच्या मुठीत लोखंड जास्त असल्याने तोल मागे सरकतो आणि प्रत्येक घावाचा झटका थेट तळव्यात येतो. आरपार ठोकलेलं निमुळतं शेपूट नीट बसवलेलं असेल तर तेवढंच टिकतं आणि हाताला मऊ लागतं. तिसऱ्या तऱ्हेची खुकरी मात्र लाकूड फोडायला नकोच. ती तुटते किंवा निखळते ती ऐन मुठीपाशी, घाव चालू असताना.

सांधा तपासायची रीत अशी. खुकरी मुठीशी सैल धरा, टोक खाली ठेवा आणि पात्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारा. सांधा घट्ट असेल तर स्वच्छ, लांबणारा नाद येतो. आत पोकळी असेल किंवा शेपूट हलत असेल तर आवाज बद्द किंवा खरखरता येतो. मग मुठीच्या तोंडाशी असलेल्या पितळी किंवा लोखंडी कड्यावर अंगठ्याचं नख टेकवा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पात्याच्या पाठीवर हलके दणके द्या. नखाला जराही थरथर जाणवली तर परत करा. कड्याजवळ नवा काळा चिकट पदार्थ भरलेला दिसला तर आणखी सावध व्हा. तो बहुतेक वेळा फट झाकण्यासाठी असतो.

प्रश्न : पोलाद चांगलं आहे की नाही हे प्रयोगशाळेशिवाय कळेल का?

पोलादाचा नेमका प्रकार कळणार नाही, पण त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक कसं केलंय, ते कळेल. खुकरीच्या बाबतीत तेच जास्त महत्त्वाचं. नेपाळी लोहार बहुतेक वेळा ट्रक-गाड्यांच्या कमानीचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचं, पोलाद वापरतात. त्यात साधारण ०.६ टक्के कार्बन असतो आणि ते मार खाणारं असतं. पातं तापवून लाल केल्यावर ते पूर्ण बुडवत नाहीत. किटलीच्या तोटीतून धारेवर, मुख्यतः पोटाच्या भागावर, पाणी ओततात. त्यामुळे पोट कडक होतं, पाठ आणि मुठीजवळचा भाग मऊ राहतो. मऊ पाठ घावाचा धक्का पचवते, कडक पोट धार धरतं. हा फरक तुमच्या खुकरीत आहे का, एवढंच तपासायचं आहे.

त्यासाठी एक नवी, बारीक दात्यांची कानस घ्या. बोथट झालेली चालणार नाही. आधी पाठीवर हलका फटका द्या. कानस सहज धरली पाहिजे आणि चकचकीत ओरखडा उठला पाहिजे. मग पोटाच्या धारेला लागून असलेल्या पट्टीवर तेवढ्याच दाबाने फिरवा. इथे कानस निसटल्यासारखी वाटावी, पण किंचित दाब वाढवला की जेमतेम धरावी. ती काचेवरून सरकावी तशी अजिबात न धरता सरकली तर पातं फार कडक राहिलंय, गाठीवर तुकडा उडायची भीती. उलट पाठीइतकीच सहज धरली तर पाणी दिलेलंच नाही किंवा नंतर ग्राइंडरवर तापून उतरलंय. मुठीजवळच्या धारेवर आणि टोकाशीही कानस फिरवून बघा. तिथे पोटापेक्षा मऊ लागलं तर तो दोष नाही, तशीच रीत आहे. सगळ्या धारेवर एकसारखा कडकपणा शोधत बसू नका.

मुठीपुढची छोटी खाच, जिला नेपाळीत ‘काउडी’ म्हणतात, तिचे कोपरे भिंगाखाली पाहा. कोपरे टोकदार असतील तर ताण तिथे साठतो. केसासारखी रेघ दिसली तर ती तड आहे. ती बुजवता येत नाही, ते पातं बाद.

पाठीवर डोळा लावून मुठीकडून टोकाकडे पाहिलं की वाक कळतो. थोडा वाक कामाला आड येत नाही. पीळ मात्र येतो, कारण घाव दर वेळी एका अंगाला जातो.

प्रश्न : नवी खुकरी पहिल्याच दिवशी वापरली. सुक्या फांदीवर पंधरा-वीस घाव घातले तर धारेवर दोन खांडं पडली. पातं खराब निघालं का?

इतक्यात निकाल देऊ नका. आधी ती खांडं आहेत की धार दुमडली आहे ते पाहा. धार तुमच्याकडे करून उजेडात धरा. शाबूत धार उजेड परतवत नाही. जिथे चमकतं तिथे ती बोथट किंवा वळलेली असते. तिथून नख आडवं हलकेच, धारेच्या दिशेने बाहेर नेऊन पाहा. एका बाजूला नख अडकलं तर धार दुमडली आहे. धातू अर्धचंद्रासारखा निघून गेला असेल तर ते खरं खांड.

दुमडणं अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर घाबरायचं कारण नाही. धारेचा कोन फार बारीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. कोन थोडा वाढवून धार लावा. खांड पडलं असेल तर कारण बहुधा वरच्या पातळ थरात असतं. कारखान्यात शेवटची धार सुक्या ग्राइंडरवर लावतात. पातळ कड तिथे क्षणात तापते आणि तिचा कडकपणा बिघडतो. म्हणून दगडावर पाऊण-एक मिलिमीटर धातू काढून नव्याने धार लावा आणि पुन्हा कसोटी घ्या. नव्या धारेलाही त्याच जागी खांड पडलं तर दोष आतपर्यंत आहे. खुकरी परत करा.

कसोटी घेताना क्रम सांभाळा. आधी मनगटाएवढी ओली, मऊ फांदी. मग सुकं मऊ लाकूड. मग सुका बांबू, कारण त्याची साल धारेची खरी परीक्षा घेते. शेवटी कठीण लाकूड आणि त्यातली गाठ. प्रत्येक टप्प्यानंतर पातं पुसा, धार उजेडात पाहा, मुठीचा सांधा नखाने तपासा आणि कागद कापून बघा. आधी धारेवर काळ्या मार्करची रेघ ओढून ठेवली तर कोणता भाग लाकडाला लागतो तेही कळतं. खुकरी जमिनीवर ठेवलेल्या फांदीवर चालवू नका. खाली ओंडका हवाच, नाहीतर मातीतला एक खडा सगळी कसोटी फुकट घालवतो.

पातं फटीत घालून वाकवणं आणि झाडावर फेकणं यांना कसोटी म्हणता येत नाही. अशाने चांगली खुकरीही मुठीपाशी मोडते.

प्रश्न : सरपण फोडताना खुकरी लाकडात रुतून बसते. पाठीवर दगडाने ठोकून काढावी लागते. दुसरा उपाय?

दगड किंवा हातोडी पाठीवर कधीही नको. पाठ मऊ असल्याने ती चेपते, कडा उमलतात आणि पुढे त्याच कडा हात कापतात. ठोकण्यासाठी मनगटाएवढा जाड, ३५-४० सेंटिमीटर लांबीचा लाकडी दांडका वापरा.

रुतण्याची कारणं तीन. लाकूड पात्याच्या मानाने जाड आहे, मधोमध गाठ आहे किंवा घाव बरोबर मध्यावर घातलाय. १० इंची पात्याला ८ ते १० सेंटिमीटर व्यासाचं लाकूड पुरे. खुकरीचं पातं वाकडं असल्याने सरळ सुरीइतकी लांबी ठोकायला मिळत नाही. पोट लाकडावर ठेवायचं आणि टोकाकडचा चार-पाच सेंटिमीटर भाग पलीकडे बाहेर राहील असं बघायचं. आधी मध्यावर न जाता कडेची ढलपी काढा, मग उरलेल्याचे भाग करा. ठोकताना मूठ किंचित खाली दाबून पातं आडवं राहू द्या. मूठ वर गेली की सगळा ताण शेपटावर येतो. रुतलंच तर पातं डावी-उजवीकडे हिसकू नका. लाकडी पाचर करून ती भेगेत ठोका, पातं आपोआप सैल होतं.

घाव घालताना गुडघ्यावर बसा आणि ओंडका तुमच्यापासून हातभर पुढे ठेवा. नेम चुकला तर पातं जमिनीत गेलं पाहिजे, नडगीत नाही. आजूबाजूला दोन हात आणि पातं एवढ्या अंतरात कोणी नको.

प्रश्न : मुठीच्या मधल्या उंच कडीमुळे तळव्याला फोड येतात. मूठ बदलावी का?

बदलायची गरज नाही. मुठीच्या मध्यावरची उंच कडी आणि बुडाशी पसरट होणारा भाग यांची तक्रार नेहमीचीच आहे. नेपाळी मुठी लहानही असतात. कडी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने बाजूच्या पातळीवर आणा, बुडाची कड गोल करा, मग २४० आणि ४००. लाकडी मूठ असेल तर जवसाच्या तेलाचे तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येक हातानंतर जास्तीचं तेल पुसा आणि एक दिवस सुकू द्या. त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा. चकचकीत वॉर्निश असेल तर खरवडून काढा, घामाने ते निसरडं होतं आणि फोडही त्यानेच वाढतात.

शिंगाची मूठ कोरड्या हवेत आकसून तडकते. महिन्यातून एकदा तेलाचा हात पुरतो. दुकानातच बारीक तड दिसली तर लाकडी मूठ मागा.

प्रश्न : वाकड्या पात्याला धार कशी लावायची? सोबत आलेली ‘चकमक’ फिरवली तर काहीच फरक पडत नाही.

म्यानात दोन छोटी पाती येतात. धारदार असतं ते ‘कर्द’, बारीक कामांसाठी. बिनधारेचं असतं ती चकमक. चकमक धातू काढत नाही, वळलेली कड सरळ करते. धार बोथट झाल्यावर तिचा उपयोग नाही, आणि बऱ्याच खुकऱ्यांबरोबरची चकमक पाणीही न दिलेली असते.

खुकरीची धार दोन्ही अंगांनी किंचित फुगीर असते. सपाट दगडावर एकाच कोनात घासली तर हा फुगीरपणा जातो आणि धार नाजूक होते. सोपी रीत अशी. ४-५ मिलिमीटर जाडीचं मऊ रबर फळीवर चिकटवा, त्यावर पाण्यात चालणारा पॉलिश पेपर ठेवा. पातं पाठ पुढे, धार मागे अशा दिशेने ओढा, म्हणजे कागद फाटणार नाही. पाठ कागदापासून साधारण २० अंश उचललेली ठेवा. रबर दबतं आणि फुगीरपणा राखतं. २२० नंबरवर एकाच बाजूने ओढत राहा, दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बारीक कड बोटाला जाणवेपर्यंत. मग बाजू बदला. त्यानंतर ४००, ८०० आणि १२००, दर वेळी दाब कमी करत. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पॉलिशची लादी घासून प्रत्येक बाजूला वीस-पंचवीस हात.

मुठीकडचा आत वळलेला भाग फळीवर बसत नाही. तिथे दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या गोल दांड्याला कागद गुंडाळा. खाचेपर्यंत येऊन थांबा, खाचेच्या आत कागद घालू नका.

धार लावणाऱ्याच्या चाकावर देणार असाल तर समोर उभं राहा. धारेवर गवती पिवळा रंग आला की तापमान २२० अंशांच्या पुढे गेलंय, निळा आला की ३०० च्या आसपास. निळी झालेली धार मऊ पडते, ती तेवढी घासून काढल्याशिवाय टिकणार नाही.

प्रश्न : म्यानातून खुकरी काढताना बोट कापल्याचं ऐकलं. असं कसं होतं?

म्यान म्हणजे दोन पातळ लाकडी फळ्या आणि वरून चामडं. धारेच्या बाजूचा सांधा आतून रोज थोडा थोडा कापला जातो. एक दिवस पातं तिथून बाहेर येतं आणि म्यानाभोवती वळलेली बोटं नेमकी तिथेच असतात. म्हणून म्यान पाठीच्या बाजूने धरा. तळवा पाठीकडे, बोटं आणि अंगठा दोन सपाट बाजूंवर, धारेच्या कडेवर काहीही नाही. काढताना आणि घालताना पात्याची पाठ म्यानाच्या पाठीला घासत राहील असा हलका दाब ठेवा आणि सावकाश ओढा.

विकत घेताना म्यान उलटं करून पाहा. खुकरी आपोआप घसरली तर ते सैल आहे, तोंडाशी आतून चामड्याची पातळ पट्टी चिकटवून घट्ट होईल. पावसात लाकूड फुगून पातं अडकतं. तेव्हा हिसका न देता म्यान सुकू द्या.

प्रश्न : दमट हवेत महिनाभर म्यानात ठेवली, बाहेर काढली तर तांबूस डाग. कोणतं तेल लावू?

आधी म्यानात ठेवणंच बंद करा. चामडं ओलावा धरून ठेवतं. घरी खुकरी पुसून, पातळ मशीन ऑइलचा हात देऊन कोरड्या कापडात ठेवा, म्यान वेगळं. जेवणाच्या वस्तूही त्याच पात्याने कापत असाल तर खाण्यायोग्य मिनरल ऑइल घ्या. गोडं तेल काही आठवड्यांत चिकट होतं. खोबरेल चालतं, पण २४ अंशांच्या खाली ते गोठतं. तांबूस डाग तेल लावलेल्या बारीक स्टील वुलने निघतात. लिंबू-कांद्याने येणारा राखाडी-काळा थर मात्र राहू द्या, तो गंज नव्हे आणि पुढच्या गंजाला थोडा अटकावच करतो.

प्रश्न : खुकरी बाळगायला परवाना लागतो का? अभयारण्यालगतच्या मुक्कामाला नेली तर चालेल?

शस्त्र नियम, २०१६ च्या पाचव्या वर्गात धारदार शस्त्रांच्या यादीत खुकरीचं नाव स्पष्ट आहे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा त्यात समावेश होतो. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारं वगळली आहेत. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४ नुसार अशा शस्त्रांना परवान्याची सक्ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या भागांत लागू होते. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शहरांत आणि जिल्ह्यांत वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात. निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या आणि प्रवासात खुकरी म्यानात, बांधून, पिशवीच्या तळाशी ठेवा. विमानात ती हातातल्या सामानात नेता येत नाही.

अभयारण्यात प्रश्न आणखी सरळ आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आत जाता येत नाही आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो. तिथे खुकरी न्यायची नाही. राखीव वनात भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली झाड तोडणं आणि आग पेटवणं दोन्ही गुन्हे आहेत. ‘अभयारण्यालगत’ म्हणजे बहुधा राखीव वनच असतं, तेव्हा जागेचा दर्जा वनविभागाकडून आधी माहीत करून घ्या.

प्रश्न : खुकरी घेतली की करवत आणि छोटा चाकू घरी ठेवता येईल ना?

छोटा चाकू तर नाहीच. १० इंची पात्याने दोर कापणं, मासा साफ करणं, काटा काढणं ही कामं होतात, पण वाईट होतात आणि धोक्याची होतात. ८-१० सेंटिमीटरचं साधं पातं बरोबर असू द्या. मनगटाएवढं लाकूड आडवं तोडायला घडीची करवत खुकरीपेक्षा कमी श्रमात आणि जास्त सुरक्षित काम करते. तिचं वजन २००-३०० ग्रॅम. करवतीने लांबी कापा, खुकरीने उभं फोडा आणि तासा. वजन कमी करायचंच असेल आणि आग पेटवायची नसेल, तर तिघांपैकी खुकरी घरी ठेवा.